गुपिताची वारसदार : 'रिबेका'मधील आत्मविश्वासाचा प्रश्न

गॉथिक कादंबरीविषयीच्या चर्चेत एक समीकरण जवळजवळ गृहीतासारखे वावरत असते. जगाचा वारा न लागलेली एक तरुणी जुन्या, अवाढव्य वास्तूत येऊन पडते. त्या वास्तूच्या मालक-घराण्याने काहीतरी दडवून ठेवलेले असते. भीत भीत ती त्याचा माग घेते आणि जे उमगते त्यातून तिला स्वत्व गवसते. ॲन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'ने (१७९४) हा साचा लोकप्रिय केला. जेन ऑस्टिनने 'नॉर्थँगर ॲबी'त त्याची मनसोक्त थट्टा केली. तिच्या नायिकेला जुन्या कपाटातून मिळतात ती धोब्याची बिले. एलेन मोअर्स यांनी 'लिटररी विमेन' (१९७६) या ग्रंथात 'फीमेल गॉथिक' ही संज्ञा पुढे आणल्यावर या समीकरणाला सैद्धांतिक प्रतिष्ठाही लाभली. जाणणे म्हणजे प्रौढ होणे, आणि प्रौढ होणे म्हणजे मुक्त होणे, असा त्याचा ढोबळ आशय.

डॅफ्ने ड्यू मॉरिएची 'रिबेका' (१९३८) ही कादंबरी याच परंपरेत ठेवून वाचली जाते आणि वरवर पाहता ती तेथे नेमकी बसते. संकोची, पोरकी मुलगी. मँडर्ली हे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचे घर. मृत पहिली पत्नी. तिच्या आठवणींची राखण करणारी मिसेस डॅन्व्हर्स. आणि अखेर उलगडणारे रहस्य. परंतु संहितेकडे बारकाईने पाहिल्यास या समीकरणातील दुसरी पायरी तेथे निखळलेली दिसते. येथे नायिका प्रौढ होते, निर्भय होते. मुक्त मात्र होत नाही. तिचा आत्मविश्वास सत्याच्या शोधातून आलेला नसून सत्य झाकण्याच्या अधिकारातून आलेला आहे.

या नायिकेचे 'जपलेपण' प्रथम नीट समजून घ्यावे लागते. ती काही लाडाकोडात वाढलेली श्रीमंताघरची लेक नव्हे. वर्षाला नव्वद पौंडांवर एका उथळ, धनिक अमेरिकन बाईची सोबतीण म्हणून ती माँटे कार्लोला आलेली आहे. तिच्याभोवतीचे कुंपण परावलंबनाचे आहे. लग्नानंतर या कुंपणाचा मालक तेवढा बदलतो. वेषभूषा-नृत्याच्या समारंभापूर्वीच्या एका संवादात मॅक्सिम द विंटर तिला जवळजवळ स्पष्टच सांगतो की, नवरा आणि बाप यांत फारसे अंतर नसते आणि काही प्रकारचे ज्ञान तिच्यापासून कुलूपबंद ठेवलेलेच बरे. हा संवाद थट्टेच्या सुरात सुरू होतो, म्हणून वाचकही तो सहज ओलांडून जातो. वस्तुतः निळ्या दाढीवाल्या नवऱ्याच्या जुन्या युरोपीय लोककथेतील निषिद्ध खोली येथे वास्तूतून भाषेत आली आहे. पश्चिमेकडील दालनातील रिबेकाची खोली हा निव्वळ चकवा. खरे कुलूप नवऱ्याच्या जिभेवर आहे.

नायिका शोधक म्हणून किती कुचकामी आहे, हेही लक्षात घेण्याजोगे. पत्रांवरचे ते तिरके, उंच 'आर' अक्षर, पावसाळी कोटाच्या खिशातला रुमाल, नोकरांचे अर्धवट उद्गार या साऱ्यांवरून ती जे अनुमान बांधते, ते मुळातूनच चुकीचे ठरते. मॅक्सिम अजूनही पहिल्या पत्नीवर जीव टाकतो, असे ती शेकडो पृष्ठे मानत राहते आणि प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचकही तिच्याबरोबर मानत राहतो. रहस्य बाहेर येते ते समुद्रातून : धुक्यात खडकावर चढलेल्या एका जहाजाची पाहणी करणाऱ्या पाणबुड्याला रिबेकाची नौका आणि तिच्यातील मृतदेह सापडतो. त्यानंतर मॅक्सिम कबूल करतो की, त्याने रिबेकाला गोळी घातली आणि ती नौका बुडवली. म्हणजे 'रहस्योद्घाटन करणारी नायिका' हे वर्णन या कादंबरीला लागूच पडत नाही. रहस्य तिच्या हवाली केले जाते, एखादा दागिना सासूने नव्या सुनेच्या हवाली करावा तसे.

या कबुलीला ती जो प्रतिसाद देते, तो कादंबरीचा गाभा होय. आपला नवरा खुनी आहे हे कळताच तिचे मन हलके होते. कारण त्याच वेळी तिला कळलेले असते की, रिबेकावर त्याने कधी प्रेम केलेच नव्हते. खून तिच्या जाणिवेत गौण ठरतो. पुढच्याच क्षणापासून ती साक्षी कोण, पुरावा कोणता, कोणाला काय ठाऊक, याचा हिशेब मांडू लागते. कबुलीनंतरच्या सकाळी ती शिळ्या, थंड पदार्थांची यादी नाकारून मिसेस डॅन्व्हर्सला ऐकवते की, आता घरची मालकीण आपण आहोत. कोमेजलेली फुले तशीच ठेवल्याबद्दल एका मोलकरणीला खडसावते. ज्या नोकरवर्गाला ती आजवर चळाचळा कापत होती, त्याच्यावरच तिच्या नव्या आत्मविश्वासाचा पहिला प्रयोग होतो. या प्रसंगाला टाळी वाजवण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

कारण याची रंगीत तालीम कादंबरीने फार आधी घेतलेली आहे. सकाळच्या बैठकीच्या खोलीत नायिकेच्या हातून चिनी मातीची एक मौल्यवान मदनमूर्ती फुटते. ती तुकडे गोळा करून लेखनाच्या मेजाच्या खणात लपवते, आणि ते मेज रिबेकाचे असते. संशय एका नोकरावर जातो, तेव्हा तिला सारे कबूल करावे लागते. मॅक्सिमचा त्रागा मूर्ती फुटल्याबद्दल नाही; ती मालकिणीसारखी न वागता हलक्या मोलकरणीसारखी वागली याबद्दल आहे. या वाक्याचे अर्थनिर्णयन पुढील खुनाच्या प्रकाशात केले की ते भलतेच गडद होते. लपवणे हा या घरात गुन्हा नाहीच. नोकरासारखे, घाबरत लपवणे हा गुन्हा आहे. मालकाने लपवले की त्याला घराण्याची अब्रू म्हणतात. उत्तरार्धात नायिका शिकते ती हीच दुसरी रीत. ॲलिसन लाइट यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात या कादंबरीतील प्रणय आणि वर्गभान यांची गुंतवण उलगडून दाखवली आहे. त्या दिशेने पाहिले तर मदनमूर्तीचा प्रसंग हा कादंबरीतला एक कळीचा प्रसंग ठरतो; समीक्षेने मात्र त्याला बहुधा नायिकेच्या भित्रेपणाचा नमुना एवढेच स्थान दिले आहे.

हे गुपित एकट्या नवराबायकोचेही राहत नाही. मृत्यूची चौकशी आत्महत्येचा निष्कर्ष काढते. प्रश्न अडचणीचे होऊ लागतात त्या क्षणी नायिका भोवळ येऊन पडते, त्यामुळे निकाल तिच्या कानांवर येतो तो मागाहून. पुढे लंडनमधल्या डॉक्टरकडून समजते की, रिबेकाला असाध्य कर्करोग होता आणि मूल होणे तिला शक्यच नव्हते. आपण गरोदर आहोत असे मॅक्सिमला सुचवून तिने त्याला डिवचले होते. दंडाधिकारी कर्नल ज्यूलियन एवढ्यावर समाधान मानतो, की सारे ओळखून गप्प बसतो, हे संहिता मोकळेच सोडते. खंडणी मागणारा फेव्हेल दारुडा आणि उपरा म्हणून त्याचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही. रिबेकाला निव्वळ बळी ठरवणारे वाचन मात्र संहितेला पेलत नाही. गतिमंद बेनला तिने घातलेली वेड्यांच्या इस्पितळाची धमकी, खुद्द मिसेस डॅन्व्हर्स अभिमानाने सांगते त्या तिच्या निष्ठुरपणाच्या गोष्टी, हे सारे मॅक्सिमच्या बाजूने झुकते. पण खुनाच्या त्या रात्रीचा एकमेव साक्षीदार खुनीच आहे, आणि त्याच्या साक्षीची उलटतपासणी निवेदिका एकदाही करत नाही.

'जेन आयर'शी (१८४७) या कादंबरीचे नाते वारंवार दाखवले जाते. तेथेही जुने घर, दडवलेली पहिली पत्नी, आग आणि शेवटी दुबळा झालेला पुरुष आहे. फरक असा की, जेनला सत्य समजते ते चर्चमध्ये, चारचौघांदेखत, आणि समजल्यावर ती घर सोडते. तिचे ज्ञान तिला रॉचेस्टरपासून दूर नेते. दुसऱ्या मिसेस द विंटरचे ज्ञान तिला नवऱ्याशी कायमचे बांधून टाकते. चित्रपटांना हा नैतिक पेच सोसला नाही. १९४० साली हिचकॉकने केलेल्या रूपांतरात, गुन्हेगाराला शिक्षेविना सोडण्यास मनाई करणाऱ्या तत्कालीन हॉलिवूड संहितेपायी, खुनाचा अपघात झाला. नायिका त्यामुळे निष्पाप उरली आणि तेवढीच कमी रंजक. ('रिबेका'वरच बेतलेल्या १९६४ च्या 'कोहरा' या हिंदी चित्रपटातील ललिता पवारांची दाईमाँ मात्र मराठी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती थेट मिसेस डॅन्व्हर्सच्या तोडीची म्हणून.)

कादंबरीचा शेवट तिच्या आरंभीच येऊन गेलेला आहे, आणि तो पुन्हा वाचल्याशिवाय उत्तरार्धाचा अर्थ लागत नाही. मँडर्ली जळाल्यावर हे जोडपे परदेशात हॉटेलांतून दिवस काढते. नायिका नवऱ्याला इंग्लंडमधल्या क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवते. जे वाचल्याने जुने घर आठवेल, ते मनातल्या मनात वाचून सोडून देते. आपला बुजरेपणा गेला आणि त्याच्या आपल्यावरील अवलंबनानेच आपल्याला धीट केले असावे, असे ती तेथे स्वतःच नोंदवते. कोणते ज्ञान कुलपात ठेवावे हे ठरवणारा माणूस बदलला आहे. किल्ली आता तिच्या कमरेला आहे. मॅक्सिमला खंत वाटते ती फक्त तिच्या चेहऱ्यावरचा तो कोवळा, हरवलेला भाव आपल्या कबुलीने नाहीसा झाल्याची.

आणि तरीही हे सारे ती सांगते आहे. चौकशीच्या वेळी शब्द न काढलेली ही बाई वाचकासमोर गोळी, नौका, कबुली, काहीच हातचे राखत नाही. तिच्या निवेदनातून वगळलेली गोष्ट एकच : तिचे स्वतःचे नाव. माँटे कार्लोला मॅक्सिम त्या नावाला सुंदर आणि वेगळे म्हणतो. तिला आलेल्या त्याच्या पहिल्या चिठ्ठीवर ते अचूक लिहिलेले असते, आणि असे क्वचितच घडते, असे ती मुद्दाम सांगते. ते वडिलांनी ठेवलेले नाव आहे. मँडर्लीत ते कोणाच्याही तोंडून वाचकाला ऐकू येत नाही.