अॅरनचा समुद्र : एक चित्रपट आणि एक एकांकिका

आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवे उपसागराच्या मुखाशी अॅरनची तीन बेटे आहेत. मासेमारी आणि खडकाळ भूमीतील तुटपुंजी शेती यांवर तेथील कॅथलिक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली. आज तेथे साहसाची हौस असलेले प्रवासी जातात; इनिशमोर बेटावर २०१२ साली उंच कड्यावरून समुद्रात सूर मारण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरली. बेटांकडे साहसभूमी म्हणून पाहण्याची ही दृष्टी मात्र जुनी आहे. ती जोपासण्यात अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘मॅन ऑफ अॅरन’ (१९३४) या चित्रपटाचा मोठा वाटा आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. कड्यावर आदळणाऱ्या लाटा, समुद्रशेवाळ व वाळू खडकावर पसरून माती तयार करणारी माणसे ही दृश्ये विसरता येत नाहीत. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरवही झाला. परंतु त्यातील सर्वांत थरारक प्रसंग, महाकाय बास्किंग शार्कची शिकार, हा त्या काळचा जीवनक्रम नव्हता. दिव्याच्या तेलासाठी होणारी ती शिकार कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. चित्रीकरणासाठी बेटवासीयांना भाला फेकण्याची विद्या नव्याने शिकावी लागली. पडद्यावरचे आई, वडील व मुलगा हेही खरे कुटुंब नव्हे. चित्रपटात खंड मागणारा जमीनदार नाही, प्रार्थनामंदिर नाही, जपमाळ नाही. माणूस आणि लाट एवढेच उरते. त्या लाटांत नाव घालणाऱ्यांचा धोका मात्र खरा होता आणि तो पाहुण्याच्या चित्रासाठी पत्करलेला होता.

याच बेटांच्या अनुभवातून जॉन मिलिंग्टन सिंग यांची ‘रायडर्स टू द सी’ (१९०४) ही एकांकिका जन्मली. सिंगही पाहुणेच, तेही प्रॉटेस्टंट घराण्यातले. पण १८९८ पासून ते पुन्हा पुन्हा तेथे गेले, आयरिश भाषा शिकले, चुलीपाशी बसून ऐकत राहिले. त्यांच्या नाटिकेत समुद्र रंगमंचावर दिसतच नाही. दिसते ते मौर्या या वृद्धेचे घर. बुडालेल्या मायकेलची ओळख बहिणीला पटते ती पायमोज्याच्या विणीतील सुटलेल्या टाक्यांवरून. त्याच्यासाठी आणलेल्या पांढऱ्या फळ्या शेवटचा मुलगा बार्टली याच्या शवपेटीला लागतात; खिळे मात्र आणायचे राहून गेले आहेत. शोकाच्या घरातही काहीतरी विसरते, हे ज्याने पाहिले त्यालाच लिहिता येते.

धर्मगुरूंना ही नाटिका सहज पचणारी नाही. तीत एक तरुण धर्मगुरू आहे. तो रंगमंचावर येत नाही, त्याचा निरोप तेवढा येतो. इतकी प्रार्थना करणाऱ्या मातेला परमेश्वर निपुत्रिक ठेवणार नाही, अशी त्याची ग्वाही. आणि बार्टली बुडतो. काहींना यात श्रद्धेचा उपहास दिसेल. मला तसे वाटत नाही. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वराचा कोप होतो तो त्याच्या वतीने सोपी उत्तरे देणाऱ्या मित्रांवर. मौर्या मात्र प्रार्थना सोडत नाही. ती स्वतः मुलाच्या देहावर पवित्र पाणी शिंपडते आणि मृतांसाठी व जिवंतांसाठीही दया मागते. त्या घराला ग्वाहीची नव्हे, सोबतीची गरज होती, हे नाटककाराने ओळखले.

सिंगमध्येही उणीव आहे. मौर्याचा अखेरचा स्वीकार इतका भारदस्त आहे की, तिच्या दारिद्र्यामागील मानवी कारणे दृष्टीआड होतात. तरीही त्यांची नाटिका अंत्यविधीपर्यंत त्या घरात थांबते. फ्लॅहर्टींच्या चित्रपटात लाट मध्यवर्ती आहे आणि घर तिच्यामागे झाकले गेले आहे.

वसईच्या पाचूबंदरसारख्या आपल्या कोळी ख्रिस्ती वस्त्यांनाही हा भेद परका नाही. किनाऱ्यावर येणाऱ्यांना होडी व सूर्यास्त दिसतो. नाव परतेपर्यंत दाराशी ताटकळणारी आई सहसा दिसत नाही. ही नाटिका एका अंकाची आहे, तिला मोठे नेपथ्य लागत नाही. नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, आपल्या धर्मग्रामांतील युवकांनी ती मराठीत आणून सादर करावी. पहिल्या रांगेत कोळीवाड्यातील मातांना बसवावे, आणि प्रयोगानंतर त्यांचा अभिप्राय आधी ऐकावा.