‘सोनारी’ची सहा अक्षरे

सोनारी हे परंडा तालुक्यातील भैरवनाथाचे क्षेत्र. त्याच्या नावात अक्षरे किती, असे विचारल्यास प्राथमिक शाळेतील मूलही ३ असे उत्तर देईल. ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याची ‘स्क्रॅच’ ही भाषा मात्र ६ सांगते. मुलांसाठीच निर्माण झालेल्या भाषेचे हे वर्तन चिकित्सेस पात्र आहे.

२०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही भाषा जावास्क्रिप्टवर उभी असून तीत मोजणी होते ती १६ बिटांच्या संकेतघटकांची. स, ओकार, न, काना, र, दीर्घ वेलांटी असे येथे ६ घटक पडतात. दुसरे ‘अक्षर’ मागितले असता हाती येतो तो निराधार ओकार. शून्यावे वा सातवे मागितल्यास रिकामे उत्तर मिळते. चूक झाल्याची सूचना नाहीच. शब्द उलटा करण्याचा नेहमीचा पाठ तर अधिकच उद्बोधक. ‘रीनासो’ अपेक्षित असता आरंभी अनाथ वेलांटी व मागून ‘रानोस’ येते. ‘ना’चा काना ‘र’ला आणि ‘सो’चा ओकार ‘न’ला जाऊन चिकटतो!

घटक मोजणे हा दोष नव्हे; यंत्राला काहीतरी मोजावेच लागते. दोष आहे तो त्या घटकास ‘लेटर’ म्हणण्यात. मोठ्या अभंगाची ६-६-६-४ ही अक्षरसंख्या तपासू पाहणारा विद्यार्थी या नावावर विसंबला, तर निर्दोष चरणही त्यास सदोष भासेल. इंग्रजी मुलाला ही अडचण एखादे भावचित्र २ मोजले जाईपर्यंत बहुधा जाणवतही नाही. वस्तुतः वर्णगुच्छ ओळखण्याचे नियम युनिकोडनेच दिलेले असून २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरेही त्यांत आली. त्या नियमांवर चालणारा वेगळा ठोकळा देणे दुष्कर नाही.