अल्पखर्ची भटकंतीची मार्गदर्शिका : निवडीचे निकष
(नाशिक जिल्ह्यातील दुर्गांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून (१९०७) पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) मराठी प्रवासवर्णनाची समीक्षेने सातत्याने दखल घेतली आहे. मात्र पाठीवर पिशवी टाकून, एस.टी.ने आणि पायी, कमी पैशांत हिंडणाऱ्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली. ग्रंथालयात दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच कपाटात असतात. प्रवासवर्णनाची निवड चुकली तर वाचकाचा वेळ जातो. मार्गदर्शिकेची निवड चुकली तर विद्यार्थ्यांचा गट सायंकाळी पाण्याविना डोंगरावर अडकतो. म्हणून या प्रकाराचे निकष स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

हेतू आणि दृष्टी

कोणताही ग्रंथ आपल्या हेतूला अनुसरूनच पाहत असतो. इ. स. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये दुर्गांची तपशीलवार माहिती आहे. तिच्यात कॅप्टन ब्रिग्ज यांच्या १८१८ मधील पाहणीचा आधार घेतलेला आढळतो. ही दृष्टी किल्ले ताब्यात घेऊन निकामी करणाऱ्या सत्तेची आहे. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गविषयक लेखनात ओढ आहे, श्रद्धा आहे. गॅझेटियर इतिहास सांगते, दांडेकर निघण्याची प्रेरणा देतात. पण शेवटची एस.टी. कोठून सुटते, हे सांगणे या दोहोंचेही प्रयोजन नाही. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकाचे महत्त्व येथे लक्षात येते. तेथे निवेदकाच्या अनुभवापेक्षा वाट महत्त्वाची ठरते.

जागतिक पातळीवर टोनी व मॉरीन व्हीलर यांच्या १९७३ मधील आशिया प्रवासावरील छोट्या पुस्तिकेपासून ‘लोन्ली प्लॅनेट’ची परंपरा सुरू झाली. तथापि, शहरे आणि मुक्कामाची ठिकाणे यांभोवती रचलेला तो साचा सह्याद्रीला जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे निवास म्हणजे पुष्कळदा देवळाची ओसरी, आणि भोजन म्हणजे पायथ्याच्या घरी आधी सांगून ठेवलेली भाकरी.

निवडीचे निकष

पहिला निकष कालनिर्देशाचा. पाण्याचे टाके भरलेले असल्याचे लेखकाने कोणत्या महिन्यात पाहिले, हे पुस्तकात नमूद असावे. पावसाळ्यानंतरची नोंद एप्रिलमध्ये दिशाभूल करते. खर्चाचे आकडे लवकर शिळे होतात. म्हणून किती दिवस, किती वेळचे जेवण आणि वाहन किती वेळा बदलावे लागेल, हे सांगणारे पुस्तक अधिक टिकाऊ ठरते.

दुसरा निकष पर्यायांचा. बागलाणातील साल्हेर (१५६७ मीटर) हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला. तेथे साल्हेर गावाकडून आणि वाघांबे गावाकडून अशा दोन वाटांनी जाता येते. केवळ एक वाट सांगणारे पुस्तक अपुरे होय. दोन्ही वाटा सांगून चढाई एका बाजूने व उतराई दुसऱ्या बाजूने केल्यास परतीचे वाहन कोठे मिळेल, हे सांगणारे उपयुक्त.

तिसरा निकष नकाराचा. हरिहरच्या उभ्या कातळातील अरुंद पायऱ्यांचे छायाचित्र सर्वत्र दिसते. परंतु चढणारे व उतरणारे त्याच पायऱ्यांवर समोरासमोर येतात, पावसात त्या निसरड्या होतात आणि म्हणून कोणी व केव्हा जाऊ नये, हे स्पष्ट सांगण्याचे धैर्य मार्गदर्शिकेत हवे.

नैतिक बाजू

मार्गदर्शिका जागा दाखवते, तशी ती जागा बदलतेही. साल्हेर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील मराठा लष्करी भूप्रदेशात समाविष्ट झाला. अशा वेळी ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ तपासावा लागतो. गावकऱ्याच्या ओसरीवर फुकट मुक्काम आणि टाक्यात धुतलेली भांडी यांवर वाचवलेला पैसा प्रत्यक्षात गाव भरत असते. जेवणाचा रास्त मोबदला द्यावा, पिण्याचे टाके वेगळे राखावे, असे सांगणारी मार्गदर्शिकाच अल्पखर्चाचा खरा अर्थ जाणते.

निष्कर्ष

प्रवासवर्णनात लेखकाचे व्यक्तिमत्त्व हा गुण ठरतो. मार्गदर्शिकेत त्याने वाटेच्या आड न येणे हा गुण ठरतो. महाविद्यालयाने पुस्तक खरेदी करताना परिचित गडावरील एक प्रकरण निवडून, ते हाती धरून प्रत्यक्ष चालून पाहावे. या प्रकाराची समीक्षा मेजावर सुरू झाली, तरी ती पूर्ण होते ती वाटेवरच.