चेतापेशींच्या पाठातून गळलेले कॅल्शियम

'कॅल्शियमचा शरीराला उपयोग काय?' या प्रश्नाला सिरसाळ्याच्या (ता. परळी, जि. बीड) वर्गात आणि मुंबईच्या वर्गात एकच उत्तर मिळेल : हाडे आणि दात. उत्तर चूक नाही. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम तेथेच असते. आमची तक्रार आहे ती उरलेल्या एका टक्क्याबद्दल.

चेतासंस्थेच्या पाठात वर्णन साधारणपणे असे येते : विद्युत आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोचतो, तेथे रसायन स्रवते, ते फट ओलांडते आणि पुढच्या पेशीत पुन्हा आवेग निर्माण होतो. वाक्य सुटसुटीत आहे; पण आवेग पोचणे आणि रसायन स्रवणे यांमधली पायरीच त्यात गाळली आहे. विजेच्या आवेगाने रसायन बाहेर का पडावे? हा प्रश्न वर्गात निघत नाही, कारण वाक्य सगळे सांगून झाल्यासारखे वाटते.

बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी 1960 च्या दशकात लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला. बेडकाच्या चेतातंतू आणि स्नायू यांच्या जोडाभोवतालच्या द्रवातून त्यांनी कॅल्शियम काढून घेतले. आवेग टोकापर्यंत पोचत राहिला, पण रसायन स्रवेना. सूक्ष्म नळीने टोकाशी थोडे कॅल्शियम सोडताच स्राव सुरू झाला! मेंदूतील पेशींमध्येही मूलतः हेच घडते. पेशीबाहेर कॅल्शियमच्या आयनांचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. आवेग आला की पटलातील दारे उघडतात आणि आयन आत घुसतात. रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांवरील सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्यांना पकडते, पिशवी पटलाशी एकरूप होते व रिती होते. पिशव्यांच्या या वाहतुकीवरील संशोधनासाठी 2013 चे नोबेल तिघांना मिळाले. त्यांतील थॉमस सुडहॉफ यांनी कॅल्शियमची ही भूमिका उलगडली.

'एवढा तपशील शाळेत कशाला?' असे काही शिक्षक म्हणतील. पण सिरसाळ्याच्या मुलांना विंचू नवा नाही. लाल विंचवाचे विष चेतातंतूंतील सोडियमची दारे लवकर मिटू देत नाही. आवेगांमागून आवेग येतात, टोकांत कॅल्शियम शिरत राहते आणि पिशव्या भराभर रित्या होतात. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय आणि पुढे फुप्फुसांत पाणी, हा सारा त्या रसायनांच्या पुराचा परिणाम. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर (मूळचे जालना जिल्ह्यातले) यांनी 1980 च्या दशकात यावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. हे औषध कॅल्शियमला अडवत नाही. फटीपलीकडे, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जेथे जाऊन चिकटते ती जागाच ते अडवून धरते. पाठातली साखळी पूर्ण असेल, तरच औषध तिच्यात कोठे बसते हे मुलाला फळ्यावर दाखवता येईल.

एक धोका मात्र आहे. कॅल्शियम मेंदूत काम करते म्हटले की स्मरणशक्तीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या हव्यात, असा अर्थ पालक लगेच काढतील. टॉनिकवाले तर टपलेलेच असतात. रक्तातील कॅल्शियमची पातळी परावटू ग्रंथी काटेकोरपणे सांभाळतात. कमी पडले तर हाडांतून काढतात. निरोगी मुलाने जादा गोळी खाल्ली म्हणून चेतापेशीची दारे जास्त उघडत नाहीत. ती उघडतात आवेगाने.