क्रमांक म्हणजे माप नव्हे
बंदुकीच्या दारूच्या एका तक्त्याची तपासणी

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारी पुष्कळ माणसे वापरलेली काडतुसे फेकून देत नाहीत. काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात. पुंगळी उरते, आणि बहुधा तीच सर्वांत महाग असते. ती साफ करायची, मूळ मापावर आणायची आणि पुन्हा भरायची, असा हा घरगुती उद्योग आहे. त्यासाठी सुटी दारू डब्यांतून विकत मिळते. एकट्या अमेरिकी बाजारात तिचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यामुळे नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. माझ्याकडे दोन-तीन जातींची पिस्तुले आहेत. सर्वांना चालेल अशी एकच दारू कोणती?

या प्रश्नावर पुढे केला जातो तो एक तक्ता. त्यात सगळ्या दारू ‘सर्वांत जलद जळणारी’ ते ‘सर्वांत सावकाश जळणारी’ अशा क्रमाने लावलेल्या असतात. तक्त्याच्या वरच्या भागातली मधलीशी दारू घ्या, म्हणजे काम भागेल, असा सल्ला मिळतो. हा तक्ता आपण पाठ्यपुस्तकाचे एखादे पान तपासतो तसा तपासून पाहू. आपल्या वाचकांपैकी कोणी हा उद्योग करणार नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे गुन्हा आहे. पण या तक्त्यात जो दोष आहे तो आपल्या वर्गातही वावरतो. तेथे तो एवढा महाग पडत नाही, म्हणून दिसत नाही, इतकेच.

जळणे आणि जलद जळणे

आधी आपल्याच पुस्तकांतले एक वाक्य बाजूला ठेवू : ‘दारूचा स्फोट होऊन गोळी सुटते.’ आजच्या काडतुसातली दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळशाची जुनी काळी दारू नव्हे. ती मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे धूररहित दारू आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती १८८४ मध्ये प्रथम उपयोगात आणण्याजोगी केली. चांगल्या अवस्थेतल्या काडतुसात तिचा एकदम भडका होत नाही. तिचा प्रत्येक कण बाहेरून आत, थराथराने जळत जातो. सगळा खेळ मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो. पण ते जळणेच असते.

ऊर्जेच्या बाबतीतही एक गैरसमज असतो. एक ग्रॅम धूररहित दारूतून साधारण ४ किलोज्यूल ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम तुपातून सुमारे ३७. तुपाची वात रात्रभर तेवते आणि दारू क्षणात संपते, कारण दारूला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. तिचा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. दारूचे वैशिष्ट्य तिच्या ऊर्जेत नसून ती ऊर्जा बाहेर पडण्याच्या वेगात आहे.

हा वेग कशाने ठरतो? पहिली गोष्ट पृष्ठफळाची. लाकडाचा ओंडका तासन्‌तास जळतो, त्याच लाकडाचा भुगा भस्सकन पेटतो. म्हणून दारूचे कण मुद्दाम निरनिराळ्या आकारांचे करतात : चपट्या चकत्या, बारीक गोळ्या, आखूड नळ्या. नळीच्या आकाराची गंमत विद्यार्थ्यांना करून पाहता येईल. ती जळताना बाहेरचे पृष्ठ कमी होते, पण भोकाच्या आतले वाढते. त्यामुळे एकूण पृष्ठफळ जवळजवळ तेवढेच राहते. गोळीचे मात्र सतत घटत जाते. शिवाय काही कणांवर ज्वलन मंदावणाऱ्या रसायनाचा थर दिलेला असतो.

दुसरी गोष्ट दाबाची, आणि ती अधिक महत्त्वाची. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळली की वायू अधिक वेगाने तयार होतो, आणि दाब आणखी वाढतो. या चक्राला आवर घालणारी एकच गोष्ट असते : गोळी पुढे सरकते आणि वायूला जागा मिळते. म्हणजे ‘ही दारू जलद आहे’ हे विधान अपुरे आहे. किती जागेत, किती जड गोळीमागे, कोणत्या दाबाला जलद, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तक्त्यात काय नाही

आता तक्त्याकडे वळू. त्यात दारूचे नाव असते आणि क्रमांक असतो. विसाव्या आणि एकविसाव्या दारूत किती फरक आहे? तक्ता सांगत नाही. तो फरक नगण्य असेल, किंवा दहाव्या आणि विसाव्या दारूमधल्या सगळ्या फरकाहून मोठा असेल. तरीही वाचणारा नकळत धरून चालतो की क्रमांक जवळ म्हणजे गुणधर्म जवळ, आणि एका दारूचे प्रमाण शेजारच्या दारूला लावायला हरकत नाही. हीच चूक जिवावर बेतते. बहुतेक तक्त्यांखाली ‘प्रमाण ठरवण्यासाठी याचा उपयोग करू नये’ अशी सूचना असते. मग उपयोग कशासाठी करावा, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. असा एकच क्रम मुळात अस्तित्वात असतो का? ज्वलनाचा वेग दाबाच्या कोणत्या तरी घाताच्या प्रमाणात वाढतो, असा व्हिएय यांचा नियम आहे. हा घात प्रत्येक दारूचा वेगळा असतो. उदाहरणासाठी दोन काल्पनिक दारू घेऊ. पहिलीचा घात ०.८, दुसरीचा १. वातावरणाच्या ५०० पट दाबाला पहिली दारू दुसरीपेक्षा १५ टक्के जलद जळते असे समजू. आता दाब चौपट, म्हणजे २००० पट करा. दोन वेगांचे गुणोत्तर ४ च्या ०.२ व्या घाताने, म्हणजे सुमारे १.३२ ने, दुसरीच्या बाजूला झुकते. आता दुसरी दारू पहिलीपेक्षा जवळजवळ १५ टक्के जलद आहे! क्रम उलटला. मग तक्त्यात वर कोणाला लिहायचे?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकी दारूगोळा उद्योगाची प्रमाणे ठरवणारी ‘सामी’ ही संस्था १९२६ पासून काम करते. तिच्या मर्यादेनुसार ‘.३८ स्पेशल’ या रिव्हॉल्वरच्या काडतुसात कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ११५० पट असावा. ‘.३५७ मॅग्नम’मध्ये तो ३५,००० पौंड, म्हणजे सुमारे २४०० पट चालतो. दोन्ही गोळ्यांचा व्यास तोच. पण दारूला मिळणारे जग दुप्पट दाबाचे. निरनिराळ्या कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत याचे आश्चर्य वाटायला नको. काही तक्त्यांत तर ‘एच ११०’ आणि ‘विंचेस्टर २९६’ ही नावे वेगवेगळ्या ओळींत दिसतात, आणि प्रत्यक्षात ती एकच दारू आहे.

‘सर्वांना चालणारी’ म्हणजे काय?

तिसरा आक्षेप असा की, तक्ता ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केला जातो त्या प्रश्नाचे ते उत्तरच नाही. बहुउपयोगी दारू म्हणजे मधल्या क्रमांकाची दारू, असे कोणी ठरवले?

‘युनिक’ नावाची एक दारू १९०० पासून, म्हणजे सव्वाशे वर्षे विकली जात आहे. ती प्रथम लाफ्लिन अँड रँड या कंपनीने आणली, पुढे बराच काळ ती हर्क्युलीसच्या नावाने विकली जाई, आणि १९९५ पासून अलायंट या नावाने. कारखान्यांच्या पाट्या बदलल्या, दारूचे नाव टिकले. ‘एकच डबा घ्यायचा तर हा’ असा सल्ला जुनी माणसे देतात. का देतात, याचे कारण इतिहासात आहे.

‘.४५ कोल्ट’ हे काडतूस १८७३ चे. ‘.३८ स्पेशल’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. दोन्हींच्या पुंगळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या, म्हणून ऐसपैस. धूररहित दारू तेच काम फार थोड्या वजनात करते. त्यामुळे पुंगळीत पुष्कळ जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेतच धोका आहे. भरणाऱ्याचे लक्ष विचलित झाले आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तर जड, बारीक कणांची दारू गुपचूप मावते. दुप्पट दारू म्हणजे दुप्पट दाब नव्हे. वर सांगितलेल्या चक्रामुळे दाब दुपटीहून बराच जास्त चढतो. रिव्हॉल्वर फुटते. डोळे आणि बोटे जातात. याउलट चपट्या, हलक्या चकत्यांची दारू जास्त जागा व्यापते. ‘युनिक’ अशीच आहे. पुंगळी अधिक भरलेली दिसते, आणि दुसऱ्यांदा दारू पडली तर ती चूक नजरेस येण्याची शक्यता वाढते.

पण या गुणाची किंमत मोजावी लागते. दारू वजनाने ठरवलेली असली, तरी यंत्राने भरताना ती मापाने, म्हणजे आकारमानाने पडते. पोहे आणि मोहरी वाटीने मोजून पाहा. मोहरी दर वेळी जवळजवळ तेवढीच येते. पोहे कधी दाटून बसतात, कधी पोकळ राहतात. चकत्यांची दारू पोह्यांसारखी असते, गोळ्यांची मोहरीसारखी. आणि मापे किती बारीक आहेत पाहा : हा हिशेब ‘ग्रेन’मध्ये होतो. एका पौंडात ७००० ग्रेन. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा. ग्रेनचा दहावा भाग म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. शाळेच्या तराजूच्या पेटीतले सर्वांत लहान वजन याहून मोठे असते.

म्हणजे खरा प्रश्न असा मांडायला हवा : वजनात थोडी चूक झाली, गोळी थोडी खोल बसली, दारू पुंगळीत पुढे किंवा मागे सरकली, तर दाब किती बदलेल? ज्या दारूत हा बदल अनेक काडतुसांत सौम्य राहतो, ती सर्वांना चालणारी. गणिताच्या भाषेत, येथे क्रमांक नको, उतार हवा. अशी दारू कोठेही सर्वोत्तम नसेल. निशाण्याच्या सरावासाठी तिच्याहून जलद दारू कमी खर्चात काम करील, आणि मॅग्नम काडतुसात सावकाश दारू गोळीला अधिक वेग देईल. तरीही चूक सोसून घेण्याचा गुण नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, आणि नेमका त्याचाच रकाना तक्त्यात नाही.

जमेची बाजू

एवढे म्हटल्यावर त्याच परंपरेतल्या चांगल्या गोष्टीही सांगायला हव्यात. लायमनसारख्या कंपन्यांच्या हस्तपुस्तिकांत प्रत्येक चाचणीबरोबर नळीची लांबी, पुंगळी, टोपी, गोळीचे वजन हे सारे दिलेले असते. खालच्या प्रमाणापासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, असे निक्षून सांगितलेले असते. प्रयोगवहीचा याहून चांगला नमुना शोधावा लागेल.

आणखी एक उदाहरण मला फार आवडते. पूर्वी दाब मोजण्यासाठी तांब्याचा छोटा दंडगोल वापरीत आणि तो किती चेपला यावरून दाब काढीत. पुढे दाबविद्युत स्फटिकाची उपकरणे आली, तेव्हा कळले की दोन आकडे जुळत नाहीत. तांब्याला तो क्षणिक कमाल दाब पुरता पकडता येत नव्हता. तेव्हा जुन्या आकड्यांना ‘पौंड प्रति चौरस इंच’ म्हणणे सोडून ‘तांब्याची दाब-एकके’ असे वेगळे नाव दिले गेले. माप कसे घेतले हे मापाच्या नावातच आले. तक्ता करणाऱ्यांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवला असता, तर ही तपासणी करावी लागली नसती.

वर्गात काय न्यावे?

पहिली गोष्ट, क्रम आणि माप यांतला फरक. पोहे, साबुदाणा आणि मोहरी बाटलीच्या टोपणाने प्रत्येकी दहा वेळा मोजून त्यांचे वजन करू द्या. सरासरीबरोबर आकड्यांचा पसारा किती, तेही लिहून काढायला सांगा. मग विचारा, यांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले तर यातली कोणती माहिती हरवली? चाणाक्ष मुले प्रगतिपुस्तकावरच्या क्रमांकाचा विषय स्वतःहून काढतील. काढू द्यावा.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. दिवाळीनंतर आपल्याकडची मुले फुसके फटाके गोळा करतात, त्यांतली दारू कागदावर काढून पेटवतात, आणि ती नुसती भुर्रकन जळलेली पाहून धीट होतात. मग तीच दारू कोणी डबीत किंवा नळीत दडपून भरतो. उघड्यावर वायूला जागा असते, दाब चढत नाही, चक्र सुरू होत नाही. बंद डबीत ते सुरू होते, आणि तेथे पुढे सरकणारी गोळीही नसते. सरकायचे ते डबीचे तुकडेच. शिवाय आवाजाच्या फटाक्यांत धातूची पूड असलेले मिश्रण असते. ते काडतुसातल्या दारूहून कितीतरी तामसी असते, आणि उघड्यावरही त्याचा भरवसा धरता येत नाही.

‘दारूचा स्फोट होतो’ एवढे एकच वाक्य शिकलेल्या मुलाला कागदावरचा अनुभव त्या वाक्याविरुद्धचा पुरावा वाटतो. दाब आणि वेग यांचे नाते त्याला कळलेले असेल, तर कागदावर ती का फुटली नाही आणि डबीत का फुटेल, हे त्याचे त्यालाच सांगता येईल. ऑक्टोबरात हा धडा घेण्याची तजवीज शिक्षकांनी करावी, असे मला वाटते.