गाळलेले आणि घातलेले

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये दुसऱ्या जगाच्या पहिल्याच टप्प्यात एका विटेतून वेल उगवते. ती चढून गेले की वर आकाशात नाण्यांच्या रांगा आणि मारिओला उजवीकडे वाहून नेणारा एक ढग. शत्रू नाहीत, घाई नाही. नाणी वेचायची आणि पुन्हा जमिनीवर उतरायचे. एरवी चपळाई मागणाऱ्या या खेळात हा भाग थोडा उपराच वाटतो. त्याचे कारण शिगेरू मियामोतो यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. सुरुवातीच्या कल्पनेत मारिओ ढगावर बसून गोळ्या झाडणार होता. गोळ्या गळाल्या, ढग राहिला.

जुन्या खेळांतल्या गाळलेल्या गोष्टी हुडकण्याचा नाद आता जगभर आहे. त्यामागे बरेचदा एक गृहीत असते, की टाकून दिलेला खेळच खरा आणि हाती आलेला तडजोडीचा. मला हे पटत नाही. टाकलेल्याचा वळ राहिलेल्यावर कुठे उठला आहे, हे पाहण्यात समीक्षेला जास्त मिळते.

१९८५चा हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. त्यातले ढग आणि झुडपे एकाच आकृतीची, रंग तेवढा वेगळा. पहिल्या टप्प्यात सर्वांत आधी समोर येणारा तपकिरी गुंबा तर घडणीत अगदी शेवटी आला. उडी मारून कासवाला कवचात घालायचे आणि मग ते कवच लाथाडायचे, हे नवख्याला जड जात होते. सोपा शत्रू हवा होता आणि जागा संपत आली होती. म्हणून एकच चित्र डावे-उजवे उलटवून त्याला चालवले. पुस्तकाची प्रस्तावना शेवटी लिहिली जाते आणि आधी वाचली जाते, तसेच हे. मारिओला डायनोसॉरवर बसवण्याची मियामोतोंची जुनी इच्छा मात्र यंत्राच्या मर्यादेमुळे थांबली आणि १९९०च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये योशीच्या रूपाने पुरी झाली.

गाळलेले परत आणण्याचेही प्रकार आहेत. १९९२च्या ‘सोनिक २’मधून ‘हिडन पॅलेस’ हा विभाग वगळला गेला होता. २०१३च्या मोबाइल आवृत्तीत तो परत आला. त्याची वाट कुठून काढली? ‘मिस्टिक केव्ह’मधल्या काट्यांच्या खड्ड्यातून. याच खड्ड्यात पडून खेळाडू वर्षानुवर्षे हकनाक मरत आले होते. ही जागा निवडणाऱ्याने मूळ खेळ बारकाईने वाचला होता. याउलट २०२०च्या जुलैमध्ये निन्टेन्डोच्या खासगी फायली फुटल्या आणि १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मधून वगळलेल्या लुइजीचे अवशेष सापडले. चाहते हरखले. पण कवीच्या टेबलाचा खण फोडून मिळालेला खर्डा वाचताना जो संकोच वाटावा, तो इथे फारसा कुणाला वाटला नाही.

हे सारे क्योतो आणि टोकियोकडचे. जबलपूरला नव्वदीच्या दशकात आमच्या हाती जो मारिओ आला, त्याची अडचण नेमकी उलटी होती. नेपियर टाऊनमधल्या मित्राच्या घरी नकली यंत्र होते आणि शेकडो खेळांची यादी दाखवणारे एकच कार्ट्रिज. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, तेच तेच वेगळ्या नावांनी पुन्हा आलेले. एक आकडा निवडला की मारिओ पहिल्या टप्प्यावर उभा, दुसरा निवडला की थेट पुढच्या जगात. सोबत माहितीपुस्तिका नव्हती, त्यामुळे कथाही नव्हती. कुणा अनाम हाताने रचनेत हात घातला होता आणि आम्ही तोच मूळ खेळ समजत होतो. गुंबा आधी भेटावा म्हणून केलेली सारी खटपट आमच्यातल्या कित्येकांपर्यंत पोचलीच नाही. आमची सुरुवात भलत्याच शत्रूपासून झाली.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती पाठांतरांनी बिघडली होती म्हणून. शुद्ध पाठ हवाच. पण लोकांनी मधल्या काळात काय वाचले, हे कळायला त्या बिघडलेल्या प्रतीही लागतात.

गाळलेल्या मारिओची काळजी घेणारे जगभर आहेत. ‘हिडन पॅलेस’चा एकेक दगड कुणीतरी मोजून ठेवला आहे. आमच्या घातलेल्या मारिओला मात्र असा कुणी वाली नाही. ती पिवळी-काळी कार्ट्रिजे केव्हाच रद्दीत गेली, आणि कुठल्या आकड्यावर कोणता टप्पा उघडत असे, हे आता फक्त आमच्या वयाच्या माणसांना आठवते, तेही एकमेकांशी न जुळणारे. कुणाच्या माळ्यावर एखादे उरले असेल, तर ते टाकण्याआधी त्यातली यादी तेवढी उतरवून ठेवावी.