गर्दीतले मिनिट

गर्दीच्या डब्यात वेळ जाता जात नाही, हा सर्वांचाच अनुभव. कॉर्नेल विद्यापीठातील सईदे सादेघी व सहकाऱ्यांनी तो मोजून पाहिला (२०२२). न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा आभासी डबा, गर्दीच्या पाच पातळ्या, प्रवास ६० ते ८० सेकंदांचा. गर्दीतला प्रवास सरासरी १० टक्के लांब वाटला. प्रवास जितका नकोसा तितका वेळ लांबलेला, हा दुवा या प्रयोगाची खरी मिळकत होय.

पण हाच आकडा तासाभराच्या प्रवासाला लावणे पटत नाही. मिनिटाचा अंदाज आपण मनात मोजून करू शकतो. तासाचा बराचसा स्मरणावर बेततो. शिवाय आभासी गर्दीत घाम नाही, धक्का नाही, उतरायला मिळेल का ही धास्ती तर नाहीच. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन वेळी चौरस मीटरमागे १४ ते १६ प्रवासी उभे असतात!

वर्गात पडताळा घेता येईल. फरशीवर मीटरभराचा चौरस आखावा. त्यात आधी एक, मग पाच विद्यार्थी डोळे मिटून उभे करावेत; मिनिट संपले असे वाटताच बोट वर करावे. दुसऱ्या गटात क्रम उलटावा, नाहीतर सरावाचा परिणाम गर्दीच्या खात्यावर पडेल. वेळ लांबत असेल, तर दाटीत बोटे लवकर वर होतील.